रणांगणावरील एकटा शिपाई

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढण्याकरिता परदेशांतून जे स्वयंसेवक तेथे गेले, त्यांत जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज ग्रंथकार होता. त्याचा जन्म बिहारमधील मोतीहारी गावचा, १९०३ सालचा. १९३७ मध्ये वेस्का शहराबाहेरील खंदकांच्या आघाडीवर तो एका सोबत्यासह शत्रूवर नेम धरून दडून राहिला असता, उजाडल्यावर समोरच्या खंदकातून एक मनुष्य बाहेर पडला आणि काठावरून धावू लागला. बहुधा कोणा अधिकाऱ्याकडे निरोप घेऊन तो निघाला असावा. त्याच्या अंगावर पुरते कपडे नव्हते, आणि धावताना तो दोन्ही हातांनी आपली विजार सावरीत होता. ऑर्वेलने बंदूक झाडली नाही. आपला नेम बेताचाच होता, हेही एक कारण त्याने प्रांजळपणे दिले आहे. परंतु खरे कारण ती विजार होय. आपण येथे फॅसिस्टांना मारावयास आलो. पण विजार सावरीत पळणारा हा प्राणी फॅसिस्ट नव्हे, आपल्यासारखाच एक माणूस आहे, असे त्याला त्या क्षणी वाटून गेले. या प्रसंगावरून विशेष काही सिद्ध होते असा दावा त्याने केलेला नाही.

तथापि त्या अर्ध्या मिनिटात जो प्रश्न उभा राहिला, त्याचा विचार गेली अडीचशे वर्षे युरोपातील आणि अमेरिकेतील तत्त्ववेत्ते करीत आलेले आहेत. रणांगणावर जो शिपाई उभा असतो तो कोण? राजाच्या हातातील हत्यार, राष्ट्राचा घटक, की स्वत:च्या कृत्याबद्दल जाब देणारा एक स्वतंत्र माणूस? या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. उत्तर बदलले की शिपायाचा मान बदलला, त्याची शिक्षा बदलली, आणि तो मेल्यावर त्याच्या थडग्यावर नाव कोरावयाचे की नाही, हेही बदलले. म्हणून हा विषय केवळ पंडितांच्या वादाचा नाही. ज्या घरातून मुलगा लष्करात जातो, त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे.

अठराव्या शतकातील प्रशियाच्या सैन्यापासून आरंभ करणे सोयीचे होईल. त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. त्यामुळे एकट्यादुकट्या शिपायाच्या कौशल्याला महत्त्व नव्हते. शेकडो लोकांनी एका रांगेत उभे राहून, एका हुकमासरशी, एकदम बार काढणे, यातच सैन्याचे बळ होते. याकरिता माणसाला यंत्राप्रमाणे घडवावे लागे. बंदूक भरण्याच्या क्रियेचे लहान लहान तुकडे पाडून ते छडीच्या धाकाने शिपायाच्या अंगवळणी पाडीत. फ्रेडरिक दुसरा, ज्याला इतिहास 'थोर' असे विशेषण लावतो, त्याच्या शिस्तीचे मर्म असे होते की, शिपायाला शत्रूपेक्षा आपल्या अधिकाऱ्याची भीती अधिक वाटली पाहिजे. शिपायाने विचार करू नये, हीच त्याच्याकडून अपेक्षा होती. त्याचा एक परिणाम असाही होता की, जो विचार करीत नाही त्याला कोणी पापाचा धनीही समजत नसे. युद्ध न्याय्य की अन्याय्य, हे राजाने पाहावे. शिपायाचा त्याच्याशी संबंध काय?

या समजुतीला त्याच प्रशियातील एका प्राध्यापकाने धक्का दिला. इमॅन्युएल कांट हा क्योनिग्सबर्ग शहरात राहून तत्त्वज्ञान शिकवी. १७९५ साली त्याने चिरंतन शांततेविषयी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने असे प्रतिपादन केले की, कायमची खडी फौज कालांतराने अजिबात नाहीशी झाली पाहिजे. कारण मारण्याकरिता किंवा मरण्याकरिता माणसे पगारी ठेवणे, म्हणजे दुसऱ्याच्या हातातील यंत्रे व अवजारे म्हणून त्यांचा उपयोग करणे होय, आणि हे माणसाच्या माणूसपणाशी जुळत नाही. देशाच्या रक्षणाकरिता नागरिकांनी आपखुशीने वेळोवेळी शस्त्रांचा सराव करणे, ही गोष्ट मात्र त्याला मान्य होती. म्हणजे लढण्याची क्रिया एकच असली, तरी ती हुकमाचे हत्यार होऊन केलेली आहे की स्वत:च्या इच्छेने केलेली आहे, यावर तिचा नैतिक दर्जा ठरतो, असे कांटचे म्हणणे. त्याच्या आधी १७६२ साली फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसोने आपल्या 'सामाजिक करार' या ग्रंथात दुसरे एक सूत्र मांडले होते. युद्ध हा राज्याराज्यांतील संबंध आहे, माणसामाणसांतील नव्हे. दोन शिपाई एकमेकांचे शत्रू होतात ते केवळ शिपाई म्हणून, आणि शस्त्र खाली ठेविताच ते पुन्हा नुसती माणसे होतात. युद्धकैद्याला ठार मारू नये, या नियमाला या विचारामुळे मोठा आधार मिळाला.

कांटचा निबंध निघाला त्याच्या दोन वर्षे आधी फ्रान्समध्ये इतिहासाने निराळेच वळण घेतले होते. २३ ऑगस्ट १७९३ रोजी तेथील क्रांतिकारक परिषदेने सर्व राष्ट्राला शस्त्रास बोलावणारा ठराव केला. तरुणांनी लढावे, विवाहितांनी शस्त्रे घडवावी, स्त्रियांनी तंबू व कपडे शिवून रुग्णालयांत सेवा करावी, मुलांनी जुन्या कापडाच्या जखमपट्ट्या कराव्या, आणि वृद्धांनी चौकाचौकांत बसून लढणाऱ्यांना धीर द्यावा, अशी त्यात कामाची वाटणी होती. शिपाई आता राजाचा चाकर राहिला नाही. तो नागरिक झाला. पुढे १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना येथे नेपोलियनने प्रशियाच्या त्या यांत्रिक शिस्तीच्या फौजेचा धुव्वा उडविला, तेव्हा नागरिक-शिपायाचे सामर्थ्य सगळ्या युरोपला पटले. पराभवानंतर प्रशियाने स्वत:च्या लष्करात सुधारणा केल्या. शिपायांना फटके मारण्याची अपमानकारक शिक्षा १८०८ मध्ये बंद झाली. ज्याला देशाकरिता मरावयास सांगावयाचे, त्याला गुरासारखे बडविता येत नाही, हे उशिरा का होईना, ध्यानात आले.

परंतु या सन्मानाला एक दुसरी बाजू होती. राजाचा भाडोत्री शिपाई मोजकाच असे, कारण त्याला पगार द्यावा लागे. नागरिक मात्र राष्ट्राजवळ लाखांनी होते. शिपायाची प्रतिष्ठा वाढली त्याच वेळी त्याचा खर्च स्वस्त झाला. येनाच्या लढाईच्या वेळी त्याच गावी आपला पहिला मोठा ग्रंथ पुरा करीत असलेल्या हेगेल या तत्त्ववेत्त्याने पुढे १८२० च्या सुमारास या स्थितीचे तात्त्विक समर्थन केले. आधुनिक काळातील शौर्य हे एका व्यक्तीचे शौर्य नव्हे, असे तो म्हणतो. बंदुकीच्या शोधाने हातघाईच्या वैयक्तिक पराक्रमाचे दिवस संपविले. आता शिपाई कोणा विशिष्ट माणसावर शस्त्र धरीत नाही; तो एका समुदायाचा अवयव म्हणून दुसऱ्या समुदायाविरुद्ध उभा असतो, आणि स्वत:ला समष्टीत विसर्जित करण्यातच त्याचे शौर्य आहे. या विचारात उदात्तपणा आहे, यात शंका नाही. पण त्यातून तो एकटा, भिणारा, घरची आठवण काढणारा मनुष्य जवळजवळ दिसेनासा होतो.

तो मनुष्य पुन्हा दिसू लागला तो पंडितांच्या पुस्तकांत नव्हे, तर रणभूमीवरील चिखलात. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो येथे फ्रेंच व ऑस्ट्रियन फौजांची घनघोर लढाई झाली. स्वत:च्या व्यापाराच्या कामाकरिता तिकडे आलेला आंरी द्युनां हा जिनीव्हाचा गृहस्थ हजारो जखमी शिपाई पाण्यावाचून व मलमपट्टीवाचून पडलेले पाहून हादरून गेला. त्याने लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकातून रेडक्रॉसची चळवळ आणि १८६४ चा जिनीव्हा करार जन्मास आला. जखमी शिपाई कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा झालीच पाहिजे, हे त्या कराराचे तत्त्व. त्याच सुमारास, १८६३ साली, अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असता फ्रान्सिस लीबर या प्राध्यापकाने उत्तरेकडील सैन्याकरिता युद्धाचे नियम तयार केले. त्यांत असा आशय स्पष्ट घातला की, युद्धात एकमेकांविरुद्ध शस्त्र धरल्याने माणसे नीतीच्या बंधनातून सुटत नाहीत. ती एकमेकांना आणि ईश्वराला जबाबदार राहतात. जबाबदारी हा शब्द येथे शिपायाच्या दारापर्यंत येऊन पोचला.

तो शब्द दाराच्या आत नेण्याचे काम टॉल्स्टॉयने केले. तो स्वत: तोफखान्याचा अधिकारी म्हणून क्रिमियन युद्धात सेबास्टोपोलच्या वेढ्यात लढलेला होता, युद्धाचा त्याचा अनुभव ऐकीव नव्हता. उतारवयात, १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ईश्वराचे राज्य तुमच्या अंतरात आहे' या ग्रंथात त्याने दाखविले की, राज्यसंस्थेच्या हिंसेत पापाची वाटणी अशा युक्तीने झालेली असते की, कोणालाच स्वत:चा वाटा दिसत नाही. वरचा म्हणतो, मी केवळ कागदावर सही केली. मधला म्हणतो, मी केवळ हुकूम पोचविला. खालचा म्हणतो, मी केवळ हुकूम पाळला. यावर टॉल्स्टॉयचा उपाय सरळ होता: प्रत्येकाने स्वत:पुरते 'नाही' म्हणावे. दक्षिण आफ्रिकेत तरुण बॅरिस्टर गांधींच्या हाती हा ग्रंथ पडला आणि त्यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला, हे सर्वश्रुत आहे.

१९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धात या सर्व विचारांची कसोटी लागली. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्यातील ५७,४७० माणसे जायबंदी, बेपत्ता किंवा ठार झाली. त्यांत मेलेल्यांची संख्या १९,२४० होती. ज्याने मारले त्याने मरणाऱ्याचे तोंड पाहिले नाही, आणि मरणाऱ्याने मारणाऱ्याचे पाहिले नाही. तोफांच्या माऱ्याखाली दिवसचे दिवस खंदकात निश्चल बसून राहणे हेच पुष्कळदा शिपायाचे कर्तव्य ठरले. अशा स्थितीत धडधाकट शरीराच्या माणसांची वाचा जाऊ लागली, हातपाय लुळे पडू लागले, झोप नाहीशी झाली. फेब्रुवारी १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी वैद्यकीय नियतकालिकात अशा रोग्यांचे वर्णन 'शेल शॉक' या नावाखाली प्रसिद्ध केले. जुन्या लष्करी नीतिशास्त्रात शूर आणि भित्रा अशा दोनच जाती होत्या. आता प्रश्न आला: ज्याने दोन वर्षे शौर्याने काढली आणि तिसऱ्या वर्षी जो थरथर कापू लागला, तो कोणत्या जातीचा?

एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स नावाचे वैद्य अशा अधिकाऱ्यांवर उपचार करीत. निलगिरीच्या तोडा लोकांवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ ते हेच. १९१७ च्या जुलैमध्ये त्यांच्याकडे सीग्फ्रीड सॅसून हा कवी आला. तो वेडा नव्हता आणि भित्रा तर नव्हताच. शौर्याबद्दल त्याला लष्करी पदक मिळालेले होते. हे युद्ध आता विनाकारण लांबविले जात आहे, म्हणून मी यापुढे लढणार नाही, असे त्याने लेखी जाहीर केले होते, आणि ते पार्लमेंटात वाचूनही दाखविण्यात आले होते. लष्करी न्यायालयापुढे उभे करण्याऐवजी त्याला रुग्णालयात धाडणे सरकारला सोयीचे वाटले. रिव्हर्स यांची अडचण विलक्षण होती. रोग्याला बरे करणे म्हणजे त्याला परत खंदकात धाडणे. सॅसून अखेर आपण होऊन आघाडीवर परत गेला. त्याचे युद्धाविषयीचे मत बदलले नव्हते. आपली माणसे तेथे असता आपण सुरक्षित राहावे, हे त्याला सहन होईना. ज्यांना असे रुग्णालय लाभले नाही त्यांची गत निराळी होती. पळून जाणे, भित्रेपणा इत्यादी गुन्ह्यांकरिता गोळी घालून ठार केलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ शिपायांना ब्रिटिश पार्लमेंटने माफी दिली ती २००६ साली. तोपर्यंत त्यांच्या बायका आणि बहुतेकांची मुलेही कलंक माथ्यावर घेऊन मरून गेली होती.

या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसे समुद्रापार गेली. त्यांत मराठा पलटणींचे शिपाई होते. पुणे डिव्हिजन या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात कुट येथे वेढली गेली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले; कैदेच्या वाटेवर व छावण्यांत त्यांतील कितीतरी मराठी माणसे मेली. युरोपीय तत्त्वज्ञानाच्या कोणत्याच चौकटीत हा शिपाई बसत नाही. तो फ्रेडरिकच्या शिपायासारखा छडीने हाकलेला नव्हता, आणि फ्रेंच क्रांतीच्या शिपायासारखा नागरिकही नव्हता. कारण ज्या राज्याकरिता तो लढत होता, त्या राज्यात त्याला मत नव्हते. तो लढला तो पगाराकरिता, पलटणीच्या अब्रूकरिता आणि खाल्ल्या मिठाला जागण्याकरिता. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरचे अधिकारी वाचून त्यांतील उतारे सरकारला सादर करीत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन झाले आहेत, आणि या युद्धाची तुलना महाभारतातील युद्धाशी करणारे मजकूरही त्यांत आढळतात.

महाभारताचे नाव निघाले की मराठी वाचकाला अर्जुन आठवल्यावाचून राहत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' याच युद्धाच्या काळात, १९१५ साली, प्रसिद्ध झाले. फलाची आसक्ती सोडून कर्तव्य करावे, हा त्यातील कर्मयोगाचा सिद्धांत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अर्जुनाला लढाईपूर्वी दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून शंका विचारण्याची मुभा होती. सर्व उपदेश संपल्यावरही निर्णय त्याच्यावरच सोपविण्यात आला. अठरा अक्षौहिणींतील पायदळाच्या शिपायाला मात्र कोणी काही विचारले नाही. आधुनिक काळातील सारा वाद याच ठिकाणी येऊन ठेपतो: अर्जुनाचा अधिकार पायदळाच्या शिपायाला द्यावयाचा की नाही?

मेलेल्या शिपायाच्या बाबतीत तरी या महायुद्धाने एक मोठा पालट घडविला. पूर्वी सामान्य शिपायांना सरसकट खड्ड्यांत पुरीत. १९१७ साली ब्रिटिश साम्राज्याने युद्धसमाध्यांकरिता स्वतंत्र आयोग नेमला, आणि हुद्द्याचा भेद न करता सारख्याच आकाराचे समाधिदगड उभारावे, असे ठरले. ज्यांचे प्रेत सापडले नाही त्यांची नावे भिंतींवर कोरली. सोमच्या रणभूमीवरील तिएपव्हालच्या स्मारकावर अशी बहात्तर हजारांवर नावे आहेत. १९२० साली लंडन व पॅरिस येथे अज्ञात शिपायाची समाधी बांधण्यात आली. जिवंतपणी ज्याला संख्या म्हणून वागविले, त्याला मेल्यावर नाव दिले. आणि ज्याचे नाव सापडले नाही, त्याला राजाचा मान दिला. कृतज्ञतेबरोबर त्यात थोडी अपराधी जाणीवही होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

जिवंत शिपायाच्या जबाबदारीचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने निकालात काढला. निदान कायद्याच्या पुस्तकात तरी. ब्रिटिश लष्करी कायद्याच्या १९१४ च्या अधिकृत ग्रंथात असे म्हटले होते की, वरिष्ठाच्या हुकमाने युद्धाचे नियम मोडणारा शिपाई गुन्हेगार ठरत नाही. १९४४ साली तो भाग बदलून नेमके उलट लिहिण्यात आले. पुढच्याच वर्षी न्यूरेम्बर्ग खटल्यांकरिता जी सनद तयार झाली, तिने हुकूम होता ही सबब आरोपीला निर्दोष ठरवीत नाही, फार तर शिक्षा कमी करण्यास कारण होऊ शकते, असे ठरविले. १९५० साली संयुक्त राष्ट्रांच्या कायदे आयोगाने या तत्त्वाला एक पुस्ती जोडली: त्या माणसाला नैतिक निवड करणे प्रत्यक्षात शक्य होते काय, हे पाहिले पाहिजे. या पुस्तीतच सगळी अडचण साठलेली आहे. डोक्याला पिस्तूल लाविलेल्या माणसाने किती निवड करावी?

आश्चर्य असे की, अडीचशे वर्षांपूर्वी जेथे यांत्रिक शिस्तीचा कळस झाला, त्याच जर्मनीत याचे उत्तर सर्वांत निर्भीडपणे दिले गेले. १९५६ साली पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारताना 'गणवेशातील नागरिक' ही कल्पना पायाशी धरली. तेथील सैनिकविषयक कायद्याप्रमाणे मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारा हुकूम पाळला नाही तर तो आज्ञाभंग होत नाही, आणि जो हुकूम पाळल्याने गुन्हा घडेल तो शिपायाने पाळताच कामा नये.

परंतु कायदा लिहिणे निराळे आणि रणांगणावर एकट्याने उभे राहणे निराळे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय गावात अमेरिकन तुकडीने निःशस्त्र गावकऱ्यांची, त्यांत म्हातारेकोतारे, बायका व मुले यांची, शेकड्यांनी कत्तल केली. वरून हेलिकॉप्टरमधून जाणाऱ्या ह्यू टॉम्प्सन या वैमानिकाने ते पाहिले. त्याने आपले यान गावकरी आणि आपल्याच सैन्याचे शिपाई यांच्या मध्ये उतरविले, आणि या लोकांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही आपल्याच शिपायांवर गोळ्या झाडा, असे सोबत्यांना सांगून काही जीव वाचविले. कत्तलीबद्दल फक्त एका अधिकाऱ्याला, लेफ्टनंट कॅलेला, १९७१ साली शिक्षा झाली. मी वरिष्ठांचा हुकूम पाळला, हा त्याचा बचाव न्यायालयाने फेटाळला. पण जन्मठेपेची ती शिक्षा कमी होत होत काही वर्षांतच संपली, आणि वरिष्ठांपैकी कोणालाही दोषी ठरविण्यात आले नाही. टॉम्प्सनची वाखाणणी होण्याऐवजी त्याला कित्येक वर्षे निंदा सहन करावी लागली. त्याला व त्याच्या सोबत्यांना पदक मिळाले ते १९९८ साली, तीस वर्षांनी. दोघेही एकाच सैन्यातले, एकाच सकाळी एकाच गावात. निवड शक्य होती, हे टॉम्प्सनने दाखविले. ती किती महाग पडते, हेही त्याच्याच आयुष्याने दाखविले.

या युद्धानंतर तत्त्वज्ञानात एक नवा वाद उभा राहिला. १९७७ साली मायकेल वॉल्झर यांनी न्याय्य व अन्याय्य युद्धांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते युद्ध सुरू करण्याचा दोष राज्यकर्त्यांचा. युद्ध चालू झाल्यावर दोन्ही बाजूंचे शिपाई नैतिकदृष्ट्या समान असतात, आणि प्रत्येक जण कसा लढला एवढ्यापुरताच जबाबदार असतो. विजार सावरणाऱ्या शिपायाची ऑर्वेलची हकीकत त्यांनीही विचारात घेतली आहे. २००९ साली जेफ मॅकमॅहन यांनी या समानतेवरच हल्ला चढविला. दरोडेखोर घरात शिरला आणि घरधन्याने काठी उगारली, म्हणून दरोडेखोराला आत्मरक्षणाचा हक्क प्राप्त होत नाही. त्याचप्रमाणे अन्याय्य युद्धात लढणाऱ्याला समोरच्याला मारण्याचा हक्क कसा मिळावा, असा त्यांचा सवाल. म्हणजे हुकूम कसा पाळला एवढेच नव्हे, तर युद्धावर गेला का, याचाही जाब शिपायाने द्यावयाचा. तर्काच्या दृष्टीने हा युक्तिवाद खोडणे कठीण आहे. पण ज्या अठरा वर्षांच्या मुलाला सरकारी दप्तरे पाहावयास मिळत नाहीत, आणि ज्याला शाळेपासून एकच बाजू शिकविलेली असते, त्याच्याकडून मंत्र्यांनाही न साधलेला निवाडा मागणे कितपत न्यायाचे, असा प्रश्न राहतोच.

शिपायाच्या मनाची किंमत मोजणारे दुसरे साक्षीदार वैद्य आहेत. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर बॉस्टन येथे उपचार करणाऱ्या जॉनाथन शे यांनी १९९४ साली होमरच्या महाकाव्यातील अकिलीसशी त्यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. त्यांचे निदान असे की, यांतील पुष्कळांना केवळ भीतीने ग्रासलेले नाही. जे योग्य आहे त्याचा आपल्या वरिष्ठांनी विश्वासघात केला, या जाणिवेने त्यांचे अंतःकरण दुखावलेले आहे. नैतिक जखम ही कल्पना यातून पुढे आली. जो निव्वळ हत्यार आहे, त्याला अशी जखम होऊ शकत नाही. फ्रेडरिकच्या कवायतीला कांटने दिलेले उत्तर खरे होते, याचा हा दोनशे वर्षांनी मिळालेला पुरावाच म्हणावयाचा.

एकविसाव्या शतकात शिपाई आणि त्याचे लक्ष्य यांच्यातील अंतर हजारो मैलांवर गेले. अमेरिकेतील नेव्हाडाच्या वाळवंटात खुर्चीवर बसून दुसऱ्या खंडातील माणसावर अस्त्र सोडता येते. अंतर वाढले की मन निर्ढावेल, अशी अटकळ होती. परंतु अशा चालकांनाही मनोविकार जडतात, असे अमेरिकन लष्कराच्याच पाहणीत दिसून आले. कारण यंत्राचा डोळा दूरच्या माणसाला जवळ आणतो. ज्याला मारावयाचे तो दिवसेंदिवस पडद्यावर दिसत असतो. मुलांशी बोलताना दिसतो, अंगणात फिरताना दिसतो. विजार सावरणारा मनुष्य तेथेही भेटतोच. पुढची पायरी म्हणजे स्वत:च लक्ष्य निवडून मारणारे यंत्र. त्याविषयी जिनीव्हा येथे २०१४ पासून राष्ट्राराष्ट्रांत वाटाघाटी होत आल्या आहेत. त्यांतील मुख्य भय हेच की, बंदुकीमागे कोणीच नसेल तर बंदूक खाली कोण ठेवणार?

अडीच शतकांच्या या प्रवासात शिपाई हत्याराचा नागरिक झाला आणि नागरिकाचा जबाबदार माणूस झाला. ही प्रगती आहे, आणि ती रक्ताने विकत घेतलेली आहे. परंतु तिच्यात एक अन्यायही दडलेला आहे. शिपाई हत्यार होता, तेव्हा निदान पाप राजाच्या माथी जाई. आता शिपायाने विचार करावा, हुकूम तोलावा, प्रसंगी नाकारावा आणि त्याची शिक्षाही सोसावी, असे जग म्हणते. आणि ज्यांनी त्याला तेथे धाडले, ते मात्र टॉल्स्टॉयने वर्णिल्याप्रमाणे आपापल्या सहीपुरते मोकळे राहतात. लोकशाहीत ती सही शेवटी नागरिकांची असते. रणांगणावर एका शिपायाला अर्ध्या मिनिटात जो विवेक करावा लागतो, तो करण्यास घरी बसलेल्यांना कितीतरी अधिक वेळ असतो. ऑर्वेलला समोरचा माणूस दिसला, कारण त्याने पाहिले. शिपायाकडून जो समाज जाब मागतो, त्याने त्याला बंदूक देण्यापूर्वी तितकेच नीट पाहून घेणे, एवढे तरी त्या शिपायाचे देणे लागते.